समुद्राची राखण कोणी करायची?

(जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय ‘पर्यावरण आणि श्रमिक वर्ग’ असा आहे. हा विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच न बोलता खाली बसता येते. आपल्या व्यासपीठांवर ही कला अवगत असलेले साथी पुष्कळ आहेत. म्हणून मी विषय लहान करून घेतला आहे. फिलिपाईन्समधील आपो नावाच्या बेटाची, त्या बेटाभोवतीच्या प्रवाळखडकाची आणि तो खडक राखणाऱ्या मच्छीमारांची हकीकत मी सांगणार आहे.

सिंधुदुर्गात बसून फिलिपाईन्सची कथा कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. १९८७ साली शासनाने मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित केला. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र, त्यातला ३ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत प्रवाळ आहे, ते जपले पाहिजे, हा हेतू वाईट नव्हता. परंतु ज्यांच्या होड्या त्या पाण्यात रोज फिरतात त्यांना या घोषणेत आपल्या पोटावर आलेला पाय दिसला. तेव्हापासून या किनाऱ्यावर ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारला की सभा तापते. आपला पक्ष अशा वेळी मच्छीमारांच्या बाजूने उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. पण विरोधाचा ठराव करून झाल्यावर प्रवाळाचे काय करायचे, या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नसते. ते उत्तर शोधताना मला आपोची माहिती वाचावीशी वाटली.

प्रवाळखडक म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. कारण आपल्यापैकी पुष्कळांना पोवळे म्हणजे अंगठीतला खडा एवढेच ठाऊक असते. प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्याएवढे, कधी थोडे मोठे, असे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातला चुना काढून त्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. बदल्यात त्याला निवारा मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या घरावर घर चढत जाते आणि त्याचा खडक होतो. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्कादेखील या खडकांनी व्यापलेला नाही. पण समुद्रात राहणाऱ्या जीवजातींपैकी सुमारे पाव हिस्सा आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांच्या आश्रयाला येतो. मासे तिथे अंडी घालतात, पिल्ले कपारीत लपून वाढतात, आणि किनाऱ्यावर येणारी लाट त्या खडकावर आपटून आपले बळ गमावते. हा खडक वाढतो मात्र अतिशय सावकाश. एका सुरुंगाने जे क्षणात जाते ते भरून यायला माणसाचे उभे आयुष्य पुरेल की नाही, सांगता येत नाही.

फिलिपाईन्समध्ये नेमके हेच झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे सुरुंग लावून मासे मारण्याची रीत फैलावली. स्फोटाने माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. काही मासे वर येतात, पुष्कळसे तळाशी बुडून वाया जातात, आणि खडकाचा भुगा होतो. पुढे १९६० च्या दशकापासून सायनाईड आले. परदेशातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील काचपेट्यांसाठी रंगीत मासे जिवंत हवे असत. ते गुंगवून पकडण्यासाठी कपारींत विष फवारायचे. नंतर हाँगकाँगच्या खाणावळींना जिवंत मासा पुरवण्यासाठीही तेच झाले.

पण या सगळ्यांत मला अधिक बोलकी वाटते ती ‘मुरो-आमी’. नाव जपानी, पद्धतही तिकडूनच आलेली. एक प्रचंड जाळे खडकाजवळ लावायचे. मग शेकडो पोहणाऱ्यांची रांग पाण्यात उतरवायची. प्रत्येकाच्या हातात एक लांब दोरी, दोरीच्या टोकाला दगड किंवा लोखंडाचे वजन. सर्वांनी मिळून ते वजन खडकावर आपटत आपटत पुढे सरकायचे, म्हणजे भेदरलेले मासे जाळ्यात शिरतात. या रांगेतले पुष्कळ पोहणारे म्हणजे अल्पवयीन मुले असत. गरीब गावांतून, आईबापांना उचल देऊन, महिनेच्या महिने बोटीवर नेलेली. किती मुले बुडाली, किती परत आली नाहीत, याचा पुरता हिशेब कोणी ठेवला नाही. १९८६ साली त्या सरकारने या पद्धतीवर बंदी घातली. साथींनो, ज्या दगडाने प्रवाळ फुटत होते तोच दगड त्या मुलाच्या हातात होता, आणि मासा विकून येणारा पैसा बोटीच्या मालकाच्या खिशात जात होता. निसर्गाची लूट आणि श्रमाची लूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मानणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

आता आपोकडे येतो. नेग्रोस नावाच्या मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकाजवळ, किनाऱ्यापासून काही किलोमीटर अंतरावर हे बेट आहे. क्षेत्र सारे मिळून पाऊण चौरस किलोमीटरही भरणार नाही. वस्ती काही शेकड्यांची, बहुतेक मासेमारीवर जगणारी. १९७० च्या दशकाच्या अखेरीस या मच्छीमारांचा अनुभव असा होता की पूर्वी घरासमोर मिळणारा मासा आता मिळत नाही, आणि त्याच्यासाठी लांब लांब वल्हवत जावे लागते. बाहेरच्या बोटी येऊन सुरुंग लावीत, मुरो-आमी करीत. बेटावरचेही काही जण त्यात सामील असत. हे लपवून चालणार नाही. गरीब माणूस नेहमीच निसर्गाचा रक्षक असतो, हे आपल्या चळवळीतले एक भाबडे गृहीत आहे. पोटाला चिमटा बसला की तोही उद्याचे बीज आज खातो. फरक इतकाच की त्याचा परिणाम भोगायला तो तिथेच राहतो आणि बोटीचा मालक दुसऱ्या खडकाकडे निघून जातो.

जवळच्या दुमागेते शहरात सिलिमान विद्यापीठ आहे. तिथले सागरी जीवशास्त्रज्ञ आंजेल आल्काला यांनी १९७४ साली सुमिलोन या दुसऱ्या एका बेटावर प्रयोग केला होता. त्या बेटाभोवतीच्या खडकाचा सुमारे चौथा हिस्सा मासेमारीला संपूर्ण बंद केला. फिलिपाईन्समधले असे ते पहिलेच राखीव क्षेत्र. प्रयोग उत्तम चालला. राखीव भागात मासा वाढला आणि शेजारच्या खुल्या भागातले उत्पन्नही चांगले राहिले. पण ही राखण विद्यापीठाची आणि नगरपालिकेच्या ठरावाची होती. मच्छीमारांना ती आपली वाटावी असे काही घडले नव्हते. १९८४ साली स्थानिक राजकारणाचे वारे फिरले, राखण मोडली आणि खडक सर्वांना खुला झाला. त्यानंतर काय झाले? मासेमारीसाठी एक चतुर्थांश जागा अधिक मिळाली, म्हणजे उत्पन्न वाढायला हवे होते. दोन वर्षांत ते सुमारे निम्म्यावर आले! शास्त्राच्या दृष्टीने राखीव क्षेत्राच्या उपयुक्ततेचा याहून स्पष्ट पुरावा नको. राजकारणाच्या दृष्टीने धडा दुसराच आहे. शास्त्रज्ञाचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते आणि तरीही ते टिकले नाही.

आपोमध्ये आल्काला आणि त्यांचे सहकारी १९७९ साली गेले ते या धड्याचा अर्धा भाग शिकूनच गेले असावेत. तिथे त्यांनी घोषणा केली नाही. तीन वर्षे नुसते बोलणे चालले. काही मच्छीमारांना सुमिलोनला नेऊन पाण्यातला मासा दाखवला. अखेर १९८२ साली चौदा कुटुंबे तयार झाली. सगळे बेट नव्हे, चौदा कुटुंबे. त्यांनी किनाऱ्याचा सुमारे साडेचारशे मीटरचा एक पट्टा निवडला आणि त्यासमोरच्या खडकावर कोणीही, कोणत्याही साधनाने मासा मारायचा नाही असे ठरवले. पहारा कोणाचा? त्यांचाच. कुटुंबांनी पाळ्या लावून घेतल्या. किनाऱ्यावर एक माणूस बसला की सारा पट्टा नजरेत येई. ना गणवेश, ना पगार, ना बंदूक.

ही जागेची निवड मला फार शहाणपणाची वाटते. बेटाच्या एकूण खडकाचा हा जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे नऊ हिस्से पोटासाठी खुले राहिले. कोणाची चूल विझली नाही. वस्तीवरून दिसणारी, एका माणसाला राखता येणारी जागा, आणि राखणाऱ्यालाच तिचा लाभ. आपल्याकडे नकाशावर पट्टी ठेवून २९ चौरस किलोमीटरची रेघ ओढणाऱ्या अधिकाऱ्याला, त्या रेघेवर रात्री कोण बसणार, हा प्रश्न पडला होता काय?

दोन-तीन वर्षांत राखीव पट्ट्यातला मासा डोळ्यांना दिसू लागला. भिंगातून किंवा आलेखातून नव्हे, पाण्यात तोंड घालून दिसू लागला. तेव्हा उरलेली कुटुंबे आली. १९८५-८६ च्या सुमारास नगरपालिकेच्या ठरावाने या राखणीला कायदेशीर रूप मिळाले. त्याबरोबर बेटाच्या सभोवतालच्या साऱ्या पाण्यासाठी नियम झाले: सुरुंग नाही, विष नाही, मुरो-आमी नाही, बारीक डोळ्यांचे जाळे नाही. गळ, मोठ्या डोळ्यांचे जाळे, बांबूचा सापळा, आणि दम धरून बुडी मारून भाला, एवढेच चालेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या पाण्यात मासेमारी करतील ते फक्त बेटावरचे लोक. बाहेरची बोट आली तर तिला परत पाठवायचे. हा पहारा ‘बांताय दागात’ म्हणजे समुद्राचे राखणदार या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्या कोकणात राखणदार म्हटले की गावच्या सीमेवरचा देव आठवतो. तिथे माणसांनीच ते काम अंगावर घेतले.

एक गोष्ट बाजूला नोंदवून ठेवतो. १९८४ ते १९८६ या काळात बेटावर संघटनेचे आणि शिक्षणाचे जे काम विद्यापीठाने केले, त्याला अमेरिकी सरकारच्या मदतनिधीतून पैसा आला होता, आणि वर मार्कोसची राजवट होती. आपल्यातल्या काही साथींच्या भुवया यावर उंचावतील. उंचावू द्याव्यात. परंतु हुकूमशाहीच्या सावलीतही चौदा कुटुंबांनी आपसांत लोकशाही चालवून दाखवली, ही गोष्ट मदतीचा पैसा कोठून आला यापेक्षा मोठी आहे असे माझे मत आहे.

परिणामांचे आकडे सांगतो. ते आल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांनी दीर्घकाळ गोळा केलेले आहेत. बेटाच्या मासेमारीतला ४० ते ७५ टक्के हिस्सा दोन कुळांच्या माशांचा असतो. एक खडकावरचे शेवाळ खाणारे, दुसरे शिकार करणारे. राखीव पट्ट्यात या दोन्ही कुळांचे एकूण वजन १९८३ ते २००१ या अठरा वर्षांत तिप्पट झाले. पट्ट्याच्या हद्दीजवळच्या खुल्या पाण्यातही, कालांतराने, दूरच्या पाण्यापेक्षा मासा अधिक दिसू लागला. म्हणजे भरलेले भांडे बाहेर सांडू लागले. तितक्याच वेळात गळाला मिळणारा मासा १९८१-८६ च्या तुलनेत १९९८-२००१ मध्ये ५० टक्क्यांनी वाढला. त्याहून मला हृद्य वाटणारा आकडा पुढचा आहे. गळाने मासेमारी करण्यातले श्रम याच काळात ४६ टक्क्यांनी घटले. कमी तास, कमी वल्हवणे, आणि पदरात पूर्वीपेक्षा कमी नाही. श्रमिकाच्या श्रमाचे तास कमी व्हावेत ही तर आपल्या चळवळीची पहिली मागणी! ती एखाद्या कारखानदाराशी झगडून नव्हे, खडकाला विसावा देऊन पदरात पडली.

१९६८ साली गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने एक निबंध लिहिला. सामाईक कुरणावर प्रत्येक गुराखी आपली एक गाय वाढवीत जाणार आणि अखेर कुरण उजाड होणार, ही त्याची मांडणी. त्यावरून जगभरच्या सरकारांनी आणि भांडवलदारांनी सोयीचा अर्थ काढला, की सामाईक मालमत्ता एकतर खाजगी करा, नाहीतर सरकारच्या ताब्यात द्या. आपल्यातले पुष्कळ समाजवादीही दुसऱ्या पर्यायावर समाधान मानून बसले. पण हार्डिनच्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत! आपल्या रापणीत जो कधी उभा राहिला आहे त्याला हे चित्र खोटे वाटेल. रापण ओढायला तीस-चाळीस माणसे लागतात, जाळे संघाचे असते, कोणाची रापण कोणत्या दिवशी कोठे पडणार याचे नियम असतात, आणि किनाऱ्यावर मासळीचे वाटे पडतात. सामाईक म्हणजे बेवारशी नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जगभरची अशी उदाहरणे तपासून १९९० साली हेच सिद्ध केले आणि २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. रापणकरांना ते मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी.

काल रात्री जेवताना एका तरुण साथीने मला विचारले, “बाहेरच्याला पाण्यात येऊ द्यायचे नाही ही भाषा संकुचित नाही का? उद्या प्रत्येक गाव आपले तुकडे पाडील.” प्रश्न चांगला आहे. माझे उत्तर असे, की ज्या पाण्यात कोणालाही येता येते त्या पाण्यात ज्याचे इंजिन मोठे तोच येतो. ‘सर्वांना खुले’ हा शब्द समतेचा वाटतो, प्रत्यक्षात तो ट्रॉलरचा परवाना असतो. गोव्याच्या रापणकारांनी १९७० च्या दशकात याच प्रश्नावर लढा दिला. किनाऱ्याजवळचे पाणी यांत्रिक बोटींना बंद करा, एवढीच त्यांची मागणी होती. तिच्यात कोणाला संकुचितपणा दिसला असेल तर तो ट्रॉलरच्या मालकांना. अर्थात, गावाच्या आतही वरिष्ठ-कनिष्ठ असतात, स्त्रियांना सभेत बोलू दिले जात नाही, आणि जो मासे विकत घेतो त्याची सावली सगळ्यांवर असते. गावाचा हक्क म्हणजे आपोआप न्याय नव्हे, हेही त्या साथीला सांगितले पाहिजे.

आता कथेचा उत्तरार्ध. तो आपल्या सर्वांना अधिक उपयोगी आहे, आणि दुर्दैवाने तो कमी सांगितला जातो.

आपोची कीर्ती झाली. पाण्याखाली बुडी मारणारे पर्यटक जगभरातून येऊ लागले. पैसा आला, काही मुले शिकली, बेटावर थोडी सुबत्ता आली. आल्काला यांना १९९२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशातही वारे अनुकूल होते. १९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंतचे पाणी नगरपालिकांच्या अधिकारात दिले. लोहियांच्या चौखंभा राज्याची कल्पना आपण येथे पुस्तकात वाचीत होतो तेव्हा तिकडे समुद्राच्या बाबतीत तिचा एक खांब उभा राहिला, असे म्हणायला हरकत नाही. आणि मग केंद्र सरकारला आपो आवडले. १९९२ साली राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रांचा कायदा झाला आणि १९९४ मध्ये आपो राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाले. कारभार एका मंडळाकडे गेला. त्या मंडळावर बेटाचे प्रतिनिधी होते; पण अध्यक्ष पर्यावरण खात्याचा प्रादेशिक संचालक. पर्यटकांकडून घेतले जाणारे शुल्क सरकारी निधीत जमा होई. कायद्याप्रमाणे त्यातला तीन चतुर्थांश परत क्षेत्राला मिळायचा, पण तो राजधानीच्या खात्यांतून वळसा घेऊन, उशिरा मिळे. आपल्या पाण्यातून आलेला पैसा आपल्याला परत मिळावा म्हणून अर्ज करण्याची पाळी राखणदारांवर आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेटावरच्या लोकांची नाराजी नोंदलेली आहे: निर्णय आमच्या हातून गेले, आम्हांला विचारले जात नाही, आणि पूर्वीची आस्थाही राहिली नाही. २०१३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन तीन चतुर्थांश रक्कम थेट क्षेत्राच्या मंडळाकडे ठेवण्याची सोय झाली. चूक मान्य करायला वीस वर्षे लागली म्हणायची.

पाहा, येथे कोणी खलनायक नाही. सुरुंगवाला नाही, मुरो-आमीचा मालक नाही. चांगल्या हेतूचा कायदा, चांगल्या हेतूचे खाते. आणि तरीही लोकांनी उभारलेली वस्तू लोकांच्या हातून काढून घेऊन ती ‘राष्ट्रीय’ करण्यात आली. राष्ट्रीयीकरण या शब्दावर आपण कित्येक वर्षे टाळ्या वाजवल्या आहेत. वस्तू राष्ट्राची झाली म्हणजे ती जनतेची झाली असे नाही, हे कोळशाच्या आणि जंगलाच्या बाबतीत आपल्याला उशिरा कळले. समुद्राच्या बाबतीत तरी वेळेवर कळावे.

उलट बाजूनेही पकड ढिली होऊ शकते. त्या १५ किलोमीटरच्या पट्ट्यातून मोठ्या व्यापारी बोटींना दूर ठेवण्याच्या नियमाला एका मासेमारी कंपनीने न्यायालयात आव्हान दिले. २०२४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका विभागाने सरकारची याचिका फेटाळली आणि खालच्या न्यायालयाचा कंपनीला अनुकूल निकाल कायम राहिला. लहान मच्छीमारांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या. कागदावर मिळालेला हक्क कागदावरूनच पुसला जाऊ शकतो, इतके आपण त्यातून घ्यावे.

आणखी एक संकट असे आहे की ज्यापुढे कोणताही राखणदार हतबल आहे. २०११ च्या आणि २०१२ च्या डिसेंबरात लागोपाठ दोन चक्रीवादळे आली. राखीव पट्टा नेमका वादळाच्या तोंडाशी सापडला आणि तीस वर्षे जपलेले प्रवाळ बहुतांशी उद्ध्वस्त झाले. त्याशिवाय समुद्र तापत आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अंशभर अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या शरीरातले ते अन्नदाते शैवाल बाहेर टाकते, पांढरे पडते, आणि उपासमारीने मरू लागते. १९९८, २०१०, २०१४ ते २०१७, आणि पुन्हा २०२३ पासून, असे जगभर घडले आहे. आपोच्या मच्छीमाराच्या होडीने हा समुद्र तापवलेला नाही. ज्यांनी तापवला ते न्यूयॉर्क-लंडनात आहेत, आणि आता थोडे मुंबई-दिल्लीतही आहेत. येथे गावाचा पहारा पुरत नाही. येथे राष्ट्राराष्ट्रांमधल्या न्यायाचा झगडा लागतो. परंतु राखलेला खडक असा धक्का बसल्यावर सावरण्याची शक्यता अधिक असते. शेवाळ खाणारे मासे शिल्लक असले की ते शेवाळ खरवडून खडक साफ ठेवतात आणि नव्या प्रवाळाला बसायला जागा मिळते. वादळानंतर आपोच्या लोकांनी तो पट्टा पर्यटकांनाही बंद केला. शुल्काचे उत्पन्न बुडणार हे ठाऊक असताना केला.

आता मालवण. आपल्या समुद्राचा कायदा काय म्हणतो? किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. त्यात परवाने आहेत, दंड आहेत, अधिकारी आहेत. नाही तो गावाचा हक्क. राज्याने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ साली एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर बंदी घातली. तरी रात्री समुद्रात उजेड दिसला की पारंपरिक मच्छीमार फोन करतो आणि गस्तीच्या बोटीची वाट पाहत बसतो. आपोच्या माणसाने स्वतः होडी लोटली असती, कारण कायद्याने ते पाणी त्याचे होते. आपल्या माणसाने होडी लोटली तर गुन्हा त्याच्यावरच दाखल होतो.

जंगलाच्या बाबतीत आपण हे अंतर काही प्रमाणात ओलांडले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली तो मिळवला आणि चालवूनही दाखवला. समुद्राला असा कायदा नाही. ज्याला झाडाखाली राहून पिढ्या गेल्या त्याचा हक्क संसदेने मान्य केला; ज्याला लाटेवर राहून पिढ्या गेल्या त्याचा हक्क मान्य करायला अडचण काय? ही मागणी आपल्या पक्षाने मांडली पाहिजे. ठरावात एक ओळ म्हणून नव्हे, किनाऱ्यावरच्या मच्छीमार संस्थांशी आणि रापण संघांशी बसून, कलमवार मांडली पाहिजे.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. येथे मी थोडे कडू बोलतो. अभयारण्य नको असे आपण म्हणालो. मग आपल्याच लोकांच्या पर्यटकांनी भरलेल्या होड्यांचे नांगर प्रवाळावर पडतात, बुडी मारायला नेलेले हौशी लोक त्यावर पाय देऊन उभे राहतात, तेव्हा आपण कोठे असतो? २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला आहे. त्या कायद्याचा बडगा उद्या नांगर टाकणाऱ्या पोरावर पडेल आणि आपण पुन्हा मोर्चा काढू. त्यापेक्षा नांगराऐवजी पाण्यात कायमचे बोये बांधून होड्या त्यांना बांधाव्यात, हे काम पर्यटनावर जगणाऱ्या होडीवाल्यांनी स्वतः होऊन ठरवावे. त्याला ना दिल्लीची परवानगी मागावी लागेल ना परदेशी निधीची. बंदरखात्याला एक पत्र आणि थोडी वर्गणी पुरेल.

आणि दुसरे काम, जे अधिक अवघड आहे. चौदा कुटुंबांनी आधी ‘अभयारण्य हवे की नको’ हा वाद मिटवला नव्हता. त्यांनी एक लहानशी जागा निवडली. आपल्याकडेही पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विसावा देण्याची रीत सरकारी बंदीहून जुनी आहे. वेळेचा विसावा आपल्या लोकांना समजतो. जागेचा विसावा त्यांच्यापुढे कोणी नीट मांडलेलाच नाही. तो त्यांच्यापुढे मांडायला वनखात्याचा अधिकारी जाऊन चालणार नाही. रापणीत ज्याचा वाटा आहे तोच जाईल, आणि कोणता खडक, किती, किती वर्षे, हे त्यांच्यातूनच ठरेल. ‘नाही’ असे उत्तर आले तर तेही ऐकून घ्यावे लागेल. आपोत तीन वर्षे ऐकूनच घेतले होते.

या किनाऱ्याचा एक मोठा नकाशा मी बरोबर आणला आहे. तो मागच्या भिंतीवर लावलेला आहे. मालवण, देवगड आणि वेंगुर्ल्याहून आलेल्या साथींनी दुपारच्या सत्रापूर्वी त्यावर आपापल्या रापणीच्या जागा, होड्यांचे मार्ग आणि जिथे गोबरा, तांबोशी पूर्वी मिळत होती पण आता मिळत नाही असे खडक पेन्सिलीने खुणावून ठेवावेत. शाई वापरू नये. गावी गेल्यावर म्हातारी माणसे त्यात दुरुस्त्या करतील.